जुनी स्पोर्ट्स कार घेताना गिअर कसा पारखायचा?

चिंचवडी_पाहुणा

राम राम मंडळी. मूळचा चिंचवडचा, सध्या मुक्काम कोव्हेंट्री. गाडी शिकलो बाबांच्या ओम्नीवर, पुढे स्विफ्ट चालवली. आता घरातून परवानगी मिळाली आहे (तोंडी, लेखी नाही) आणि एक जुनी, छोटी, मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. बजेट साधारण 12 हजार पौंड. यादीत माझदा एमएक्स-5, टोयोटा जीटी86, पोर्शे बॉक्स्टर (987) आणि टोयोटा एमआर2 आहेत.

इंजिन, मायलेज, गंज यावर बक्कळ वाचलंय. माझं घोडं गिअरपाशी अडलंय. मला गाडी घ्यायचीय तीच मुळी गिअर टाकण्याच्या मजेसाठी, आणि नेमकं त्याबद्दल वाचून काही बोध होत नाही. एक म्हणतो थ्रो (दांडा हलण्याचं अंतर) जितका छोटा तितकं चांगलं. दुसरा म्हणतो गिअर कडक हवा. तिसरा म्हणतो अलगद पडायला हवा. परवा एक एमएक्स-5 पाहिली, मालकाने शॉर्ट शिफ्टर बसवलेला. बोटभर हलवला की गिअर पडतो, पण सकाळच्या थंडीत दुसरा काही केल्या जाईना. मालक म्हणाला, "ह्या गाड्यांचं असंच असतं." असतं का खरंच?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि हो, टेस्ट ड्राइव्हच्या दहा-पंधरा मिनिटांत नेमकं काय बघायचं तेही सांगा.

डावापाय_मोकळा

कशाला हा उपद्व्याप? पोर्शेचं पीडीके (क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घ्या. ते तुमच्यापेक्षा, माझ्यापेक्षा आणि या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येकापेक्षा लवकर गिअर बदलतं. लंडनभोवतीच्या एम25 वर ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखायला लागला की माझी आठवण येईल.

नानापेठ_ते_बर्मिंगहॅम

वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. माझा जन्म गिअरबॉक्स खोलण्यात गेला. आधी नाना पेठेत, मग इकडे बर्मिंगहॅमजवळ गिअरबॉक्स रिकंडिशन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. आता गुडघे कुरकुरतात, तेव्हा गाडीखाली शिरत नाही, नुसता बोलतो.

थ्रो किती इंच हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की तुझा हात आणि गिअरबॉक्सच्या आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) यांच्या मधे काय काय आहे? बाबांची ओम्नी आठव. दांडा पुढे, गिअरबॉक्स मागे, मधे लांबलचक सळी. सळीच्या प्रत्येक जोडाला बुश (जोडातली छोटी नळी), प्रत्येक बुशात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा. सगळे प्ले एकत्र झाले की न्यूट्रलमध्येही दांडा ढवळत बसावं लागतं. स्टिअरिंगला गिअर असलेली पद्मिनी चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्पोर्ट्स कारमध्ये धातू चांगला आणि जोड घट्ट असतात, पण हिशोब हाच.

एमएक्स-5 मध्ये इंजिन पुढे, लांबीत बसवलेलं. त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, आणि दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर. मधे सळी नाही, केबल नाही. शिवाय गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा) एका ॲल्युमिनियमच्या लांब फ्रेमने एकमेकांना जखडलेले असतात. एकदम ॲक्सिलरेटर दिला-सोडला तरी हा सगळा लवाजमा फारसा डुलत नाही. हाताला जी खात्री वाटते ती इथून येते. 1989 मध्ये पहिली एमएक्स-5 आली तेव्हापासून ही मांडणी त्यांनी सोडलेली नाही, आणि माझ्या मते त्या गाडीची निम्मी पुण्याई यातच आहे.

पहिल्या दोन पिढ्यांच्या गाडीचा दांडा उपसून काढला, की खाली एक छोटा खड्डा दिसतो. त्यात त्याचं वेगळं थोडंसं तेल असतं. दांड्याच्या टोकाला एवढासा प्लॅस्टिकचा बुश आणि वर रबरी बूट. वीस वर्षांच्या गाडीत ते तेल बहुधा आटलेलं असतं, बुश चपटा झालेला, रबर फाटलेलं. गिअर भोंगळ लागतो आणि फाटक्या रबरातून खालची गरम हवा आत येते. मालक म्हणतो गिअरबॉक्स गेला! अरे, किरकोळ किमतीचं किट आणि अर्ध्या दिवसाचं काम. अशी गाडी सापडली तर चेहरा पाडून घासाघीस कर.

जीटी86 सुद्धा याच पठडीतली, गिअरबॉक्स तुझ्या मांडीशेजारीच. सहा गिअरचा हा आयसिन या जपानी कंपनीचा डबा, आणि एमएक्स-5 च्या दुसऱ्या पिढीतला सहा गिअरवाला याच घराण्यातला. घट्ट आहे, खटकेदार आहे. गार असताना मात्र तोंड फिरवून बसतो, गरम झाला की गुणी बाळ.

आता बॉक्स्टर आणि एमआर2. दोन्हींत इंजिन पाठीमागे, म्हणजे गिअरबॉक्सही पाठीमागे आणि दांडा पुढे. मधे दोन केबल. एक पुढे-मागे करते, दुसरी डावी-उजवी. केबल म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण पोर्शेने ते काम इतकं नेटकं केलंय की डोळे मिटून चालवलीस (चालवू नकोस) तर कळणारही नाही. फरक इतकाच की गिअरबॉक्समधली बारीक थरथर आणि दातांची चाहूल केबलमध्ये विरून जाते. काहींना तेच आवडतं. एमआर2 मध्ये केबलच्या टोकांचे बुश तपास. ते झिजले की दांडा सरळ उभा न राहता एका अंगाला कलतो आणि तिसऱ्याऐवजी पाचवा शोधत बसतो.

थोडं विषयांतर करतो. या अडचणीवरचा सगळ्यात आडमुठा तोडगा 1974 पासून बनलेल्या लँबोर्गिनी काउंटॅशमध्ये आहे. इंजिन मागेच, पण उलटं फिरवून गिअरबॉक्स त्याच्या पुढे, दोन सीटच्या मधे आणून ठेवला. दांडा सरळ गिअरबॉक्सवर! मग चाकांकडे ताकद न्यायची कशी? तर एक शाफ्ट इंजिनच्या सम्पमधून (खालच्या तेलाच्या भांड्यातून) परत मागे. गिअर नीट पडावा म्हणून इंजिनच्या पोटातून दांडा घालणारी माणसं होती ती.

असो. दुसरी गोष्ट सिंक्रोची, आणि तुझ्या त्या अडणाऱ्या दुसऱ्या गिअरचं उत्तर इथे आहे.

2015 ला आलेल्या एमएक्स-5 चे आकडे घे. पहिला गिअर 5.087, दुसरा 2.991, पाचवा 1.286, सहावा 1.000. पहिल्यात 6000 आरपीएमवर असताना दुसरा टाकलास तर इंजिनला साधारण 3500 वर यावं लागतं. म्हणजे 2500 चा फरक. पाचव्यावरून सहावा टाकताना तोच फरक 1300 च्या आसपास. क्लच दाबलेला असला तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेट गरगरत असतात. त्यांना ब्रेक लावून बरोबर वेगावर आणायचं काम सिंक्रोची रिंग करते. सहसा पितळेची, आतून उतरती, बारीक आटे पाडलेली. ती गिअरच्या कोनवर (शंकूवर) घासते, वेग जुळेपर्यंत दातांना वाट अडवून धरते आणि वेग जुळला की बाजूला होते. दांडा ओढताना मधे क्षणभर एक भिंत लागते आणि मग एकदम सुटून गिअर आत जातो ना? भिंत म्हणजे रिंग अडवतेय. सुटणं म्हणजे वेग जुळला. चांगल्या गिअरमध्ये ही भिंत स्पष्ट जाणवते आणि लगेच विरते. सगळी मजा त्या क्षणात आहे.

फरक सगळ्यात मोठा दुसऱ्या गिअरला, वापरही भरपूर, म्हणून सहसा त्याचीच रिंग आधी झिजते. त्यात इकडची जानेवारीतली सकाळ. तेल घट्ट, रिंगच्या आट्यांतून ते लवकर बाहेर फेकलं जात नाही, रिंगला पकड मिळत नाही. जुन्या फेरारीवाले तर तेल गरम होईपर्यंत पहिल्यावरून थेट तिसरा टाकतात, दुसऱ्याच्या वाटेलाच जात नाहीत. (त्या फेरारीचा तो प्रसिद्ध 'ठण्ण' आवाज हा दांडा पोलादी गेटवर (दांड्यासाठी खाचा असलेल्या पट्टीवर) आपटल्याचा. कानाला गोड, पण त्याचा आतल्या गिअरशी संबंध नाही.) तेव्हा पहिली काही मिनिटं दुसरा गिअर रुसला तर चालेल. इंजिन तापल्यावरही गिअरबॉक्सचं तेल बरंच मागून तापतं, हे लक्षात ठेव. वीस मिनिटं चालवल्यावरही कर्रर्र करत असेल तर मात्र रिंग गेली. पाठ फिरव आणि घरी ये.

आणि तो शॉर्ट शिफ्टर. त्यात जादू काही नाही. दांड्याचा टेकू वर सरकवलेला असतो, म्हणून वर हात कमी हलतो. पण खाली फोर्कला जेवढं सरकायचं तेवढंच सरकायचंय, मग जोर जास्त लागणार. सिंक्रोला लागायचा तो वेळ लागणारच. माणसाला वाटतं आपण पटकन टाकला. प्रत्यक्षात त्याने रिंगला ढकलून दार फोडलेलं असतं. मूळ गाडीचा थ्रो आधीच मनगटाच्या हालचालीएवढा आहे, त्याला आणखी तोकडं करण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा जड नॉब बसव. हाताने दिलेला वेग वजन पुढे घेऊन जातं आणि ती भिंत अलगद पार होते. होंडाने 2020 च्या सिव्हिक टाइप आर मध्ये नॉबच्या आत 90 ग्रॅमचं वजन घातलं ते उगाच नाही.

तुझ्या बजेटमध्ये, निव्वळ गिअरसाठी म्हणशील तर एमएक्स-5. डोळे झाकून. बजेट वाढलं तर होंडा एस2000 बघ. 1999 सालची गाडी, इंजिन 9000 पर्यंत ओरडतं, आणि त्या गिअरपुढे मी आजवर कशालाच पहिला नंबर दिलेला नाही.

लुडविग्सबर्गकर

काकांनी गिअरबॉक्सच उघडून दाखवला! थोडी जर्मनीकडची भर घालते.

आमच्या घरी सासऱ्यांची 1984 ची पोर्शे 911 आहे. तिच्यात 915 नावाचा गिअरबॉक्स, जो 1972 ते 1986 पर्यंत या गाड्यांत होता. त्याचे सिंक्रो पोर्शेच्या स्वतःच्या पद्धतीचे, काकांनी सांगितलेल्या पितळी रिंगपेक्षा वेगळे. तिथे घाई अजिबात चालत नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना न्यूट्रलमध्ये किंचित थांबायचं, मग दोन बोटांनी दांडा खाली न्यायचा. मूठ आवळली की भांडण. सासरे शेजारी बसून एकच सूचना करतात: "लांगझाम", म्हणजे हळू. पुण्यात डाव्या हाताने शिकलेल्या माझा उजवा हात आधीच बावचळलेला, त्यात हे. पण एकदा लय सापडली की दुसरी गाडी नकोशी होते.

1987 पासून त्याच गाडीत जी50 गिअरबॉक्स आला. सिंक्रो नेहमीच्या, काकांनी सांगितलेल्या बोर्ग-वॉर्नर पद्धतीचे, क्लच हायड्रॉलिक. एका परिचितांची चालवली. जड आहे, पण गिअर कुठे आहे ते शोधावं लागत नाही. बाजारात 1987 नंतरच्या गाड्यांना लोक जास्त पैसे मोजतात त्याचं एक मोठं कारण हेच. रिव्हर्स मात्र डावीकडे वर गेला, पहिल्याच्या पलीकडे. सिग्नलला सासऱ्यांच्या सवयीने जाल तर घोळ होईल.

@डावापाय_मोकळा, पीडीके जलद आहे यावर कुणाचंच दुमत नाही. पोर्शेलाही तसंच वाटलं होतं. 2013 ची 911 जीटी3 फक्त पीडीकेमध्ये आणली, मॅन्युअल नाहीच. गिऱ्हाइकांनी इतका कालवा केला की 2016 मध्ये 911 आर काढली, फक्त सहा गिअर मॅन्युअल, एकूण 991 गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि नंतर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरल्या. 2017 च्या जीटी3 मध्ये मॅन्युअल मुकाट्याने परत आलं. घड्याळाशी शर्यत लावायची तर तुमचं बरोबर. रविवारी सकाळी इथल्या श्वाबियन आल्ब डोंगरांच्या वळणांवर मी घड्याळ बघत नाही.

पाहुणेबुवा, बॉक्स्टर किंवा केमनबद्दल (बॉक्स्टरची छतवाली बहीण) एक इशारा. गिअर टाकायला सुरेख, पण गिअरिंग लांब. केमनच्या जीटी4 सारख्या गाडीत तर दुसऱ्याच गिअरमध्ये तुमची 70 मैलांची मर्यादा मागे पडते. म्हणजे कायदा पाळायचा तर गिअर बदलायचा एकदा, की संपलं. गिअर टाकण्याच्या हौसेला हे मारक आहे.

कर्वेरोड_कोंडी

भारतातही बीएमडब्ल्यूने 2023 मध्ये एम2 आणली तेव्हा सहा गिअर मॅन्युअलचा पर्याय दिला होता. जवळपास एक कोटीची गाडी घेऊन नळस्टॉपला हाफ क्लचवर उभं राहायचं, याला जिगर लागते. माझ्याकडे जिगर आहे, कोटी नाहीत.

चिंचवडी_पाहुणा

दंडवत! काका, एवढं तर कुठल्या मासिकातही वाचलं नव्हतं. शॉर्ट शिफ्टरवाली गाडी बाद. लांब गिअरिंगचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, ताई, आभार.

शनिवारी रग्बीजवळ एक 2016 ची एमएक्स-5 बघायला जातोय, दीड लिटर इंजिनची. तीन प्रश्न राहिले. तिथे नक्की काय काय करून बघू? गिअर ऑइल बदलून फरक पडतो का? आणि खाली गिअर टाकताना ॲक्सिलरेटरचा झटका देतात ते शिकावं का, की ती नुसती फुशारकी?

नानापेठ_ते_बर्मिंगहॅम

फोन करून सांग, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर मालकाने काहीतरी झाकलंय असं समज, आणि चहा पिऊन तासा-दोन तासांनी परत जा.

गार इंजिन सुरू कर, क्लच पूर्ण दाब, मनात चार आकडे मोज आणि रिव्हर्स टाक. गाडी जागेवर उभी असताना कर्रर्र झालं तर गिअरचा दोष नसून क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिकमध्ये हवा असेल, नाहीतर सिलिंडर गळत असेल. हजार पौंडांच्या गिअरबॉक्सच्या नावाने रडणारे कितीतरी लोक मी शंभरेक पौंडांच्या कामावर घरी पाठवलेत.

मग निवांत वीस मिनिटं चालव, मालकाला बोलत ठेव. तापल्यावर खरी परीक्षा. तिसऱ्यात ताशी पंचवीस-तीस मैलांवर असताना दुसरा टाक, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता. सिंक्रोला सगळ्यात जास्त राबवणारं काम हेच. कुरकुर न करता गेला तर रिंग शाबूत. नंतर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात एकेकदा जोरात ॲक्सिलरेटर देऊन एकदम सोड, हात दांड्यावर न ठेवता. दांडा उडी मारून न्यूट्रलला आला तर आतले दात किंवा फोर्क झिजलाय. नुसता थोडा पुढे-मागे झाला तर चालतं. शेवटी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, सगळे गिअर हळूहळू फिरवून बघ. खरखर लागते का, दांडा सोडल्यावर आपला आपण तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत येतो का. यायलाच हवा.

तेलाने फरक पडतो, आणि भलताच पडतो. जुनं काळं तेल काढून नवीन घातलं की रुसलेला दुसरा गिअर लोण्यासारखा झालेला मी अनेकदा पाहिलाय. पण गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाल. दुकानदार म्हणेल जीएल-5 दर्जाचं तेल घ्या, जीएल-4 पेक्षा भारी. ते डिफरन्शियलच्या दातांसाठी भारी. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळेला खातात, आणि फार निसरडं तेल असलं तर रिंगला घासायला पकडच मिळत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. तुकडे असतील तर वाईट. पिवळी चमक तेलात दिसली तर ते तुझ्या सिंक्रोचं पितळ.

झटक्याचं म्हणशील तर फुशारकी मुळीच नाही. खाली गिअर टाकताना इंजिनचा वेग वाढवावा लागतो, तो तू आधीच वाढवून ठेवलास तर क्लच सोडताना गाडी धक्का खात नाही, मागची चाकं ओल्या वळणावर सुटत नाहीत. फक्त एवढ्याने सिंक्रोचं काम हलकं होत नाही, कारण झटक्याच्या वेळी क्लच दाबलेला असतो. त्याचं ओझं कमी करायचं तर मधे न्यूट्रलला क्लच सोडून झटका द्यायचा आणि परत दाबून गिअर टाकायचा. जुने एसटी ड्रायव्हर घाटात डबल क्लच मारायचे ते हेच. गिअरबॉक्सला सिंक्रोच नसायचे, दुसरा इलाज नव्हता. त्यांना कुणी स्पोर्ट्स ड्रायव्हर म्हणालं नाही ही गोष्ट वेगळी. तुझ्या गाडीला रोज त्याची गरज नाही, पण थंडीत त्या रुसलेल्या दुसऱ्यासाठी करून बघ, निमूट जाईल.

ब्रेकवर पुढचा पंजा, त्याच पावलाच्या कडेने ॲक्सिलरेटर. एमएक्स-5 चे पेडल त्याला सोयीचे आहेत. आधी रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर शिक. डर्बीशरकडे कॅट अँड फिडलच्या रस्त्याला सगळे नवशिके धावतात, तू धावू नकोस. तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, चलन घरी येतं.

आणि दीड लिटर बघतोयस ते ठीक आहे. ताकद कमी म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्या इंजिनला वर फिरवत ठेवावं लागतं, म्हणजे गिअर जास्त वेळा टाकावे लागतात. तुला तेच हवंय ना? शनिवारी दुपारी फोटो टाक, नॉबचा आणि सर्व्हिसच्या पावत्यांचा. गिअर ऑइल कधी बदललंय ते पावतीवर दिसायला हवं, तोंडी धरू नकोस.